मेंढ्या बसवणे, चरणे वगळून

हिवरमाळावर एकही हिवर नव्हता. नाव मात्र सरकारी नकाशात होतं, त्यामुळे ते बदलता येत नव्हतं. दुष्काळाच्या आधी तिथे हिवर, बाभळी, बोरी, मधूनच एखादा लिंब असं खुरटं का होईना, रान होतं. नागपंचमीला सोलापूरच्या भवानी पेठेतल्या बायका तिथे झोके बांधायच्या आणि येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, माणसं कुटुंबकबिल्यासह डबे घेऊन सावली धरून बसायची. दुष्काळात हे रान गेलं. कुठे गेलं, याचा तपास लागला नाही. त्या काळात पेठेतली एकही चूल सरपणावाचून विझली नाही, एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं.

पुढे रुद्रप्पा कंत्राटदारानं तो माळ खडी काढायला मागितला आणि पेठेला एकदम रानाची आठवण झाली. असलेल्या वस्तूकडे आपल्याकडे कुणी बघत नाही. पण दुसऱ्यानं मागितली की ती वाडवडिलांची होते. शिवशरण तोळनुऱ्यांच्या ओट्यावर बैठक भरली, 'भवानी पेठ वृक्षसंवर्धन मंडळ' स्थापन झालं, आणि ओटा तोळनुऱ्यांचा व चहा तोळनुऱ्यांच्या घरचा असल्यामुळे चिटणीसही तोळनुरेच झाले.

तोळनुरे एका कापडगिरणीच्या टाइम ऑफिसात हेडक्लार्क होते. दुसरी माणसं किती वाजता आली आणि किती वाजता गेली, हे लिहिण्यात त्यांची उमेद खर्ची पडली होती. भोंगा झाल्यावर फाटकात शिरलेल्या माणसाला त्यांनी कधी वेळेवर आला असं लिहिलं नाही. त्यात सख्खा मेहुणाही आला. गिरणीतून निवृत्त होणाऱ्याला शेवटी भिंतीवरचं घड्याळ भेट देतात. तोळनुऱ्यांना त्या घड्याळाची आतापासूनच धास्ती वाटत होती. आपल्यामागे टिकटिक करणारं नव्हे तर सावली देणारं काहीतरी राहावं, असं त्यांच्या मनात होतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, कारण टाइम ऑफिसातल्या माणसानं असं बोललेलं बरं दिसत नाही.

वनखात्याची अट सरळ होती. मंडळानं श्रमदानानं माळावर रान उभं करावं. दुसरा पावसाळा संपल्यावर खातं पाहणी करील. रान उभं असलं तर माळ रानच राहील. नसलं तर खडीचा अर्ज विचारात घेतला जाईल. खाली जबाबदार व्यक्ती म्हणून कुणाची तरी सही हवी होती. सगळ्यांनी आपापले चष्मे शोधायला सुरुवात केली, तेवढ्यात तोळनुऱ्यांनी सही करून टाकली. रुद्रप्पा कंत्राटदार अत्यंत सभ्य गृहस्थ. त्यानं घरी येऊन अभिनंदन केलं. म्हणाला, "लावा की झाडं. चांगलं काम हाय. आम्हाला घाई नाही."

मग झाडं कुठली लावायची यावर पेठ बोलू लागली. शेजारच्या सुंदरम्मांच्या घरी हातमाग होते आणि सोलापुरात पिढ्या गेल्या तरी त्यांचं मराठी तेलुगूच्या चालीवर चालायचं. त्यांनी शेवगा आणि कडीपत्ता सुचवला. रान म्हणजे रोज उपयोगाला पडलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. कुणी औदुंबर सुचवला, कुणी बेल. एकानं चंदन सुचवलं. त्याच्या हेतूबद्दल शंका येऊन त्याला कार्यकारिणीवर घेतलं नाही. शेवटी खात्यानं आपली मंजूर यादी दाखवली: निलगिरी, गुलमोहर, शिरीष. चर्चा तिथेच संपली. मात्र आपलं म्हणणं कुणी ऐकलं नाही, हे सगळ्यांनी पुढे उपयोगी पडेल म्हणून जपून ठेवलं.

आता प्रश्न जमिनीचा. माळ म्हणजे निव्वळ मुरूम. पहार मारली की ठिणगी उडायची. त्यावर तोडगा काढला आबासाहेबांनी. आबासाहेब तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. ते म्हणाले, मेंढरं बसवा. शेतकरी काय करतो? उन्हाळ्यात धनगराचा कळप रात्रीचा रानात बसवून घेतो. लेंड्या पडतात, मूत मुरतं, रान पोसतं. धनगराला धान्य आणि जेवण द्यायचं. आधी मेंढरं बसवायची, मग वनमहोत्सवात झाडं लावायची. योजना इतकी निर्दोष होती की तोळनुऱ्यांना तेव्हाच संशय यायला हवा होता.

दोघं कुंभारीच्या शिवारात गेले. तिथे वेळापूरकडच्या बिरप्पा धनगराचा कळप उतरला होता. बिरप्पा कांबळ्यावर बसून होता आणि आपण कुणाला भेटायला आलो नाही, लोक आपल्याला भेटायला आलेत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तोळनुऱ्यांनी रीतीप्रमाणे हळदकुंकू लावलेला नारळ त्याच्या हातात दिला. नारळ घेतला म्हणजे शब्द झाला. त्यानंतर धनगर दुसऱ्याच्या रानात जात नाही आणि बोलावणारा नाही म्हणत नाही. इथवर सगळं सुरळीत झालं. पण तोळनुऱ्यांनी तारीख विचारली.

"मिरगाच्या तोंडाला येतो," बिरप्पा म्हणाला.

"म्हणजे सात जून?"

"मिरगाच्या तोंडाला."

"सकाळी की संध्याकाळी?"

बिरप्पानं आबासाहेबांकडे पाहिलं. "ह्यांस्नी मेंढरं बसवायची हायती, का गाडी धरायची हाय?"

 मेंढरांचं वेळापत्रक नसतं ही गोष्ट तोळनुऱ्यांना परत येताना बेशिस्तीची वाटत होती.

पुढची अडचण परवानगीची. माळ वनखात्याचा आणि वनखात्याच्या जमिनीवर चराईबंदी. महिपती नावाचा गार्ड म्हणाला, मेंढरं आत येणं म्हणजे गुन्हा. आबासाहेबांनी त्याला समजावून सांगितलं की मेंढरं चरायला येणार नाहीत, बसायला येणार आहेत. बसण्यावर बंदी असल्याचं कुठल्या नियमात आहे? महिपतीनं ते वर विचारलं. वरच्यांनी आणखी वर विचारलं. बऱ्याच वर गेल्यावर तिथल्या कुणीतरी कायद्याचा अभ्यास केला असावा, कारण तोळनुऱ्यांच्या नावे शिक्क्यासह परवानगी आली: 'मेंढ्या बसवणे, चरणे वगळून.' आबासाहेबांनी कागद उन्हात धरून पाहिला आणि असा मसुदा आपल्या काळात लिहिला जायचा, असं म्हणाले. एवढी मोठी स्तुती त्यांनी हयात माणसाची कधी केली नव्हती.

आणि मग वनखात्याच्या मोठ्या साहेबांची बदली झाली.

झाडं लावण्याचा समारंभ मोठ्या साहेबांच्या हस्ते व्हायचा होता. निमंत्रणं छापून झाली होती आणि त्यांच्यावर साहेबांचं नाव होतं. नवे साहेब कोण येणार ते ठाऊक नव्हतं. नवीन नावाची निमंत्रणं छापण्यापेक्षा समारंभ अलीकडे ओढणं सोपं, असं ठरलं. म्हणून वनमहोत्सव मे महिन्याच्या अखेरीस घ्यायचा ठरला. आभाळात ढग नव्हता. पण साहेब होते.

राहिली मेंढरं. ती आता झाडं लावल्यावर येणार, हे तोळनुऱ्यांच्या लगेच लक्षात आलं, कारण क्रम चुकणं त्यांना झोपेतही कळायचं. त्यांनी आबासाहेबांकडून मसुदा करून घेतला. 'आपल्या मेंढ्यांचा मुक्काम पुढील आदेशापर्यंत तहकूब करण्यात आला आहे, तरी कृपया नोंद घ्यावी.' पोस्टकार्डावर पत्ता घातला: बिरप्पा धनगर, मुक्काम पोस्ट वेळापूर, तालुका माळशिरस. बिरप्पा दिवाळीनंतर वेळापुरात नसतो, हे दोघांनाही माहीत होतं. दोघं स्वतः जाऊन त्याला कुंभारीच्या शिवारात भेटून आले होते. कुंभारी सायकलनं जाण्याएवढी जवळ होती. पण पत्ता म्हणून माणसाचं गाव लिहायचं असतं, आणि पत्र टाकलं की कळवलं असं होतं, यावर कचेरी आणि गिरणी या दोन्ही संस्थांचं आजवर एकमत आहे.

समारंभ चांगला झाला. साहेबांनी रंगवलेल्या फावड्यानं एका आधीच बुजवलेल्या खड्ड्यावर माती लोटली आणि वृक्षांचं महत्त्व इतका वेळ सांगितलं की ऐकणाऱ्यांनाही सावलीचं महत्त्व पटलं. रुद्रप्पा कंत्राटदारानं सर्वांत जास्त टाळ्या वाजवल्या. साहेब गेल्यावर खरी लावणी झाली. ती मात्र पेठेनं मनापासून केली, हे सांगितलं पाहिजे. मागावरची माणसं सुट्टी टाकून आली. बायकांनी ओढ्यातल्या डबक्यातून घागरी आणल्या. सुंदरम्मांनी प्रत्येक रोपाला हळद लावली आणि एका कोपऱ्यात, यादीत नसलेलं, शेवग्याचं एक खांड गुपचूप रोवून टाकलं. तोळनुऱ्यांची पत्नी विजयमाला हिनं सगळ्यांना कडक भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली. माळाभोवती बाभळीच्या फांद्यांचं काटेरी कुंपण झालं. संध्याकाळी वीतभर रोपांच्या वीतभर सावल्या पडल्या, तेव्हा तोळनुरे त्यांच्याकडे पाहत इतका वेळ उभे राहिले की विजयमालानं त्यांना हाक मारायचं टाळलं.

त्यानंतर तोळनुऱ्यांचं वागणं बदललं. पहाटे सायकलला दोन डबे अडकवून ते माळावर जायचे, रोपांना पाणी घालायचे आणि तिथून थेट गिरणीत. एका गुलमोहरानं नवं पान काढलं ही बातमी त्यांनी जेवताना इतक्या गंभीरपणे सांगितली की विजयमालाला आधी गिरणीत कुणीतरी वारलं असं वाटलं. एके दिवशी पाणी घालता घालता त्यांना उशीर झाला आणि भोंगा झाल्यावर ते फाटकात शिरले. त्यांनी आपल्या नावापुढे 'उशीर' असं लिहिलं. गिरणीत याची चर्चा दोन पाळ्या पुरली.

मृगाच्या तोंडावरच्या एका संध्याकाळी तोळनुरे शेवटच्या ओळीला पाणी घालत होते. कुंभारीच्या बाजूनं धुळीचा लोट उठला. पाऊस आला म्हणून त्यांनी वर पाहिलं. पावसाचा आवाज असा नसतो.

बिरप्पानं रीतीनं मुंडासं सारखं केलं आणि रामराम घातला. तोळनुऱ्यांनी हातातला डबा तसाच धरून कुंपणाच्या तोंडाशी धाव घेतली आणि आडवे उभे राहिले.

"थांब, बिरप्पा. इथे झाडं लावलीत."

"दिसत्यात की. मग मेंढरं मधी बसवू का कडंला?"

"कुठेच नाही. तुला पत्र टाकलं होतं."

"कुटं?"

"वेळापूरला."

बिरप्पानं यावर थोडा विचार केला. "मी तर हितं हाय."

तोळनुऱ्यांनी सगळी हकीकत सांगितली: साहेब, बदली, निमंत्रणं. बिरप्पानं ती शांतपणे ऐकून घेतली आणि आपली बाजू मांडली. नारळ त्यानं बिरोबापुढे फोडला होता. पाटलाच्या रानातलं बोलावणं सोडून तो इकडे वळला होता. "आता मेंढरं माघारी वळवली तर द्येवाला काय सांगू? पत्र आलं हुतं म्हनू? आन् त्येबी वेळापुरात?"

एवढ्यात महिपती गार्ड आला. तोळनुऱ्यांना वाटलं, कायदा आला. त्यांनी त्याला मेंढरं अडवायला सांगितलं. महिपतीनं खिशातून परवानगीची नक्कल काढली.

"परवानगी बसायची हाय, साहेब. रद्द केल्याचा कागद माझ्याकडं नाही."

"अरे पण ती झाडं खातील."

"खाणार कशी? चरणे वगळून लिहिलंय की. खाल्लं तर गुन्हा."

"गुन्हा कुणावर?"

महिपतीनं कागद पुन्हा वाचला. "अर्जदारावर."

अर्जदार तोळनुरे होते. हा मुद्दा त्यांना नीट समजेपर्यंत त्यांच्या डाव्या आणि उजव्या बाजूनं कळप आत शिरला. 'चरणे वगळून' ही अट मेंढरांना वाचून दाखवण्याची काही सोय नव्हती. त्यांनी गुलमोहर खाल्ला. शिरीष खाल्ला. हळद लावलेली पानं त्यांना विशेष रुचली असावीत. निलगिरीला मात्र एकाही मेंढीनं तोंड लावलं नाही. तिच्यावर त्या बसल्या. परवानगीचं तंतोतंत पालन काय ते निलगिरीच्या बाबतीत झालं.

तोळनुरे घरी आले आणि डबा न काढताच सायकल भिंतीला टेकवून बसून राहिले. विजयमालानं काय झालं ते विचारून घेतलं आणि परातीत पीठ काढलं. मेंढरं बसवली की धनगरांचं जेवण बोलावणाऱ्याच्या घरचं असतं. तोळनुऱ्यांनी हे ऐकलं तेव्हा ते आयुष्यात पहिल्यांदा बायकोवर जवळजवळ ओरडले. आपली झाडं खाणाऱ्यांना आपणच भाकरी घालायची?

"झाडं मेंढरांनी खाल्ली," विजयमाला म्हणाली. "माणसं उपाशीच आहेत. आणि अहो, नारळ कुणी दिला होता?"

मग सायकलच्या ज्या बाजूला पाण्याचा डबा असायचा तिथे भाकऱ्यांची बुट्टी बांधून तोळनुरे आपल्या उद्ध्वस्त झालेल्या वनात वाढायला गेले. बिरप्पा पोटभर जेवला. चटणी झ्याक असल्याचं त्यानं सांगितलं, फक्त भाकरी जरा कडक झाल्याचं म्हणाला. सोलापुरात कडक भाकरी मुद्दाम करतात, शिवाय ती जमायला हात लागतो. विजयमालाचा हात त्यात पेठेत नावाजलेला होता. हा निरोप तोळनुऱ्यांनी घरी सांगितला नाही. एका कुटुंबात एका दिवशी एकच विध्वंस पुरे, असं त्यांना वाटलं.

ठरल्याप्रमाणे कळप चार राती बसला. दुसऱ्या दिवशी बिरप्पानं तक्रार केली की माळावर खायला काहीच उरलं नाही, बोलावून मेंढरं उपाशी ठेवणं ही कुठली रीत?  मग धनगरांनीच ओढ्याकाठचे बाभळी-हिवर झोडपून शेंगांची ओझी आणली आणि मेंढरांचं भागवलं. जाताना बिरप्पानं आणखी एक सांगितलं. एका मेंढीचं पोट फुगलं होतं, बहुतेक त्या परक्या झाडाच्या वासानं. पण नारळाचा मान राखून तो त्याबद्दल काही मागणार नव्हता. तोळनुऱ्यांनी त्याचे आभार मानले. आपण कशाबद्दल आभार मानले, हे त्यांना पुढे कितीतरी दिवस कळलं नाही.

कळप गेल्यावर त्यांनी कुंपणाचं तोंड काट्यांनी गच्च बंद केलं. आता यात एक शेळीसुद्धा शिरता कामा नये, अशी महिपतीला ताकीद दिली. आत काही नसलेल्या जागेचं एवढं कडक रक्षण त्या पंचक्रोशीत कुणी केलं नव्हतं. घरी येऊन त्यांनी पाण्याचे डबे माळ्यावर टाकले आणि पुन्हा तिकडे फिरकले नाहीत.

पेठेनं दुःख व्यक्त केलं. पण दुःखाबरोबर प्रत्येकानं जपून ठेवलेलं म्हणणंही बाहेर काढलं. सुंदरम्मा म्हणाल्या, "अण्णा, शेवगा लावला असता तर हे झालं नसतं." मेंढरं शेवगाही खातात, हे त्यांना सांगण्याचा धीर तोळनुऱ्यांना झाला नाही. आबासाहेबांनी आपली सूचना केवळ तत्त्वतः होती, तिची अंमलबजावणी चिटणीसांच्या अखत्यारीत होती, असं चावडीपासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत स्पष्ट केलं. मेंढरं म्हटलं की लोक तोळनुऱ्यांकडे बघू लागले. गिरणीच्या फाटकात कुणीतरी पाठीमागून बें करायचं. मेंढरांची कल्पना आपली नव्हती, एवढं एकच वाक्य तोळनुरे सव्वा वर्ष बोलत राहिले. लग्नात बोलले, सुतकात बोलले, गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसून शेजारच्या अनोळखी माणसालाही सांगितलं.

आणि रुद्रप्पा कंत्राटदार येताजाता भेटायचा. तब्येतीची चौकशी करायचा. "आम्हाला घाई नाही," म्हणायचा. दुसऱ्या पावसाळ्यात त्यानं माळाच्या पायथ्याला खडी फोडायचं यंत्र ठेवायला जागा सपाट करून घेतली, तेव्हा तोळनुरे त्या रात्री जेवले नाहीत.

दुसरा पावसाळा संपला आणि पाहणीचा दिवस ठरला. आबासाहेबांनी 'मृत रोपांबाबत खुलासा' लिहून आणला होता. त्यात दुष्काळ, अवर्षण, टोळधाड आणि दैवी आपत्ती या सगळ्यांना जागा होती, मेंढरांना नव्हती. तोळनुऱ्यांनी तो वाचला आणि परत दिला. जे झालं तेच आपण सांगू, म्हणाले. मग आबासाहेब, विजयमाला आणि, आपला शेवगा बघायचाय म्हणून, सुंदरम्मा अशी सगळी मंडळी टांग्यातून निघाली. कुणी फारसं बोलत नव्हतं. मयताला जाणाऱ्या टांग्यातही याहून जास्त गप्पा होतात.

नवे रेंजर तरुण होते. जीपजवळ हातात छापील तक्ता घेऊन उभे होते. रुद्रप्पा आधीच येऊन पोचला होता आणि सगळ्यांसाठी त्यानं थर्मासमधून चहा आणला होता. महिपतीनं कुंपणाच्या तोंडाचे काटे ओढून काढले. गेल्या वर्षभरात तोही आत गेला नव्हता. मेलेल्या झाडांवर गस्त घालायची काही तरतूद नव्हती. खालून दिसणारा हिरवा रंग सगळ्यांनी पावसाळ्यातलं गवत समजून सोडून दिला होता. काटे बाजूला झाले आणि सगळे तिथेच थबकले.

माळ हिरवा होता. कमरेएवढ्या बाभळी, त्यांच्या मधेमधे हिवर, मुंगीला वाट काढता येऊ नये इतक्या दाट, वरपासून खालपर्यंत पसरल्या होत्या. काही बाभळींना पिवळी फुलंसुद्धा आली होती. एक होला उडाला. सुंदरम्मांचा शेवगा मात्र कुठेच दिसत नव्हता.

रेंजरनी तक्त्यात पाहिलं. "निलगिरी?"

"नाही," तोळनुरे म्हणाले.

"गुलमोहर?"

"नाही."

"शिरीष?"

"खाल्ला."

रेंजरनी एका बाभळीखालची माती चपलेनं उकरली. आत जुन्या लेंड्यांचा थर होता. मग त्यांनी कॉलेजात शिकलेलं सांगितलं: मेंढरं शेंगा खातात, बी पचत नाही, लेंडीतून पडतं आणि पहिल्या पाण्याला उगवतं. इथे तर बी, खत आणि कुंपण तिन्ही एकाच जागी मिळालं होतं. एवढं सांगून त्यांनी तक्ता मिटला. रान उभं होतं, आणि अटीत झाडाची जात लिहिलेली नव्हती. फक्त एक रकाना भरायचा होता: लागवड कुणी केली. आपोआप उगवलं असलं तर मंडळानं काही केलं नाही असं होईल, अट पुरी होणार नाही. "तेव्हा मंडळानं बाभळी लावल्या, असं लिहून टाकू," रेंजर म्हणाले. "सही करा."

आबासाहेबांनी झटकन पेन पुढे केलं. तोळनुऱ्यांनी ते घेतलं नाही.

रुद्रप्पानं चहाचा कप खाली ठेवला. "तोळनुरे साहेब खोटं लिहिणार नाहीत," तो आदरानं म्हणाला. "साऱ्या गिरणीला ठाऊक हाय."

हे खरं होतं, आणि म्हणूनच फार वाईट होतं. तोळनुरे त्या बाभळींकडे बघत राहिले. यातलं एकही झाड त्यांनी लावलं नव्हतं. जी लावली होती त्यांच्या पानापानाची ओळख त्यांना होती आणि ती कुणाच्या पोटात गेली हेही त्यांनी पाहिलं होतं. न लावलेल्या झाडापुढे लावलं असं लिहायचं म्हणजे न आलेल्या माणसाची हजेरी मांडायची. आणि नाही लिहायचं, तर खाली सपाट केलेली जागा इथून स्वच्छ दिसत होती.

आबासाहेबांना त्याच क्षणी एक आठवण झाली. ते घसा खाकरून म्हणाले, "वास्तविक मेंढरं बसवावीत, ही मूळ सूचना माझी."

"परवानगी कुणाच्या नावावर होती?" रेंजरनी विचारलं.

"माझ्या," तोळनुरे म्हणाले. त्यांचा आवाज टाइम ऑफिसात असतो तसा निघाला. "झाडं मी लावली नाहीत. लिहा. मेंढरं मी बसवली. नारळ मी दिला, चार राती बसवली, धनगरांना भाकरी माझ्या घरची गेली. या माळावर जे उभं आहे ते मी बोलावलेल्या मेंढरांनी केलं."

विजयमालानं पदर सारखा केला. रेंजरनी एक-एक शब्द लिहून घेतला. मग ते थांबले. "परवानगी चरणे वगळून होती. मेंढरं चरली नाहीत ना?"

महिपती आभाळाकडे बघू लागला.

"चरली," तोळनुरे म्हणाले. "माझ्या डोळ्यांदेखत चरली."

त्यामुळे त्यांना दोन कागदांवर सह्या कराव्या लागल्या: एकावर रान उभं केल्याबद्दल, दुसऱ्यावर ते खाऊ दिल्याबद्दल. दुसऱ्या कागदावर दंड होता. तोळनुऱ्यांनी दोन्ही सह्या सारख्याच ठळक केल्या. रुद्रप्पानं थर्मासचं झाकण लावलं आणि कुणाचा निरोप न घेता तो उतारानं चालू लागला. त्या दिवशी त्याला प्रथमच घाई होती.

मंडळी परत फिरली तेव्हा तोळनुरे थोडे मागे राहिले. त्यांना आत एक चक्कर टाकायची होती. आपल्या रानात माणसानं निदान एकदा हिंडावं. पाठीमागे हात बांधून, साहेब लोक चालतात तसे ते चार पावलं गेले. पाचव्या पावलाला बाभळीचा काटा चपलेचा तळ भेदून टाचेत गेला.

त्यांना दोघांनी धरून टांग्यात बसवलं. घरी विजयमालानं टाचणी तापवून काटा काढला, तेव्हा निम्मी पेठ ओट्यावर उभी होती. सुंदरम्मांनी गूळ-चुन्याचा लेप सांगितला, दुसऱ्या कुणी बिब्बा सांगितला, आबासाहेबांनी काटा जपून ठेवायला सांगितला. तोळनुऱ्यांनी एकदाही हाय म्हटलं नाही. उलट काटा किती लांब निघाला ते त्यांनी स्वतः दिवा धरून पाहिलं.

माळावर खरंच रान उठलंय का, की हेही कागदोपत्रीच, अशी शंका पेठेत पुष्कळ दिवस काढली जायची. अशा माणसाशी तोळनुरे वाद घालत नसत. ते चप्पल काढत, पाय वर करत आणि त्याला आपली टाच दाखवत.